रोमची कारंजी टिपताना: आधी पाणी बघा, मग शटर

रोमला पहिल्यांदा गेलो तेव्हा एकट्या ट्रेवी कारंज्याचे मी त्रेसष्ट फोटो काढले. रात्री हॉटेलवर बघतो तर त्रेसष्टही एकसारखे, आणि सगळ्यांत पाण्याच्या जागी पांढरा लगदा. ना थेंब सुटा दिसतोय, ना धार मऊ झालीय. शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ, १/६० सेकंदावर अडकलेलं होतं. कारंज्यासाठी याहून वाईट वेग मुद्दाम शोधूनही मिळणार नाही.

पुढच्या दोन फेऱ्यांत डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आपण मूर्तींच्या मागे लागतो, पाणी आपोआप येईल असं धरून चालतो. करायचं नेमकं उलट. संगमरवर कुठे पळून जात नाही. आधी पाण्याकडे दोन मिनिटं नुसतं बघायचं, ते कसं पडतंय ते ठरवायचं आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा. हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. हातात मोबाइल असो नाहीतर साधा कॅमेरा, बहुतेक सूचना दोन्हीला चालतील.

पाणी येतं कुठून

हे माहीत असेल तर फोटो सुधारतो, म्हणून थोडं सांगतो. रोमची जुनी कारंजी पंपावर चालावीत म्हणून बांधलेलीच नव्हती. डोंगरातून किंवा झऱ्यातून उताराने पाणी आणायचं आणि जेवढा उतार शिल्लक असेल तेवढ्या जोरावर ते उडवायचं. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको; कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून उताराने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांत यायचं ते याच तत्त्वावर. रोममध्ये ट्रेवीला पाणी देणारा अॅक्वा व्हिर्गो हा जलमार्ग रोमन सेनानी अग्रिप्पाने इसवी सनपूर्व १९ मध्ये बांधला. पण तो शहरात शिरतो तोच बराच खालून. त्यामुळे त्याच्यावरच्या कारंज्यांत पाणी उंच उडत नाही, ते सांडतं. उलट जानिकोलो टेकडीवर अॅक्वा पाओला हा दुसरा जलमार्ग उंचावरून येतो आणि तिथे पाणी अक्षरशः कोसळतं.

म्हणजे प्रत्येक कारंज्याचा जोर वेगळा, जोराप्रमाणे पाण्याचा आकार वेगळा आणि आकाराप्रमाणे शटर वेगळं. बाकी सगळं या एका ओळीचा विस्तार आहे.

घरून निघण्याआधी

सराव इथेच करा. मुंबईकरांना हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन आहेच. १८६४ चं, दगडी, बाजूने वाहती वाहनं, मागे जुन्या इमारती. रोममध्ये जी डोकेदुखी होणार आहे ती सगळी इथे घरबसल्या मिळते. एखाद्या रविवारी सकाळी जाऊन एकाच जागेवरून दहा वेगवेगळ्या शटरवर दहा फोटो काढा. ते शेजारी शेजारी ठेवून बघितलेत की पुढचा निम्मा लेख वाचला नाहीत तरी चालेल.

सामान कमी न्या. एक रुंद लेन्स (२४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी), एक साधारण ७० ते २०० मधली, आणि दोन फिल्टर: एक पोलरायझर, एक एनडी. पोलरायझर पाण्यावरची चकाकी काढतो, तळाची नाणी दाखवतो. एनडी म्हणजे लेन्सचा गॉगल. प्रकाश अडवतो, म्हणून भर उन्हातही शटर हळू ठेवता येतं. मोबाइलवाल्यांनी फिल्टरच्या फंदात पडू नये.

ट्रायपॉडचं काय? मी नेतो आणि बहुतेक वेळा पाठीवरच वागवतो. गर्दीच्या चौकात तो उघडला की लोक अडखळतात आणि पोलीस येऊन नम्रपणे मिटवायला सांगतात. त्यापेक्षा एका छोट्या कापडी पिशवीत घरचे राजमे किंवा तांदूळ अर्धा किलो भरा, तोंड शिवून टाका. कठड्यावर ही पिशवी, पिशवीत कॅमेरा रुतवून ठेवला की अर्ध्या सेकंदापर्यंतचे फोटो ठाम येतात. विमानतळावर एकदा विचारलं होतं हे काय म्हणून. राजमा म्हटल्यावर तो अधिकारी हसला. जाताना पिशवी रिकामी न्यावी आणि तिथल्या दुकानातून तांदूळ भरावा, हे त्यानंतर सुचलं.

मायक्रोफायबरची फडकी मात्र तीन घ्या. रोमच्या पाण्यात चुना बराच आहे. तुषार लेन्सवर वाळले की पांढरे ठिपके बसतात आणि ते कोरड्या फडक्याने घासले तर काचेवर ओरखडे. ओलं असतानाच टिपून घ्यायचं. वाळलंच तर आधी तोंडाची वाफ, मग हलक्या हाताने. वाऱ्याची दिशा बघून उभं राहिलं तर हा प्रश्नच निम्मा सुटतो.

ड्रोन घरीच ठेवा. रोमच्या मध्यभागावर उडवायला बंदी आहे.

तीन वेग

आता मुद्द्याचं. पाण्यासाठी शटरचे तीन पट्टे लक्षात ठेवा.

१/१००० आणि त्याहून जलद: थेंब गोठतात. प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा सुटा दिसतो. पाणी जोरात उडत असेल, मागून ऊन येत असेल आणि त्यामागे काहीतरी गडद असेल तर याला तोड नाही. लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) २००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ठेवलं की १/१६०० सहज मिळतं.

१/१५ ते १/२ सेकंद: धार रेशमी होते. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी घरंगळतं तिथे हा पट्टा. अडचण अशी की लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ इतकं आवळलं तरी शटर १/१०० च्या आसपासच येतं. म्हणून एनडी. तीन स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) लावला तर साधारण १/१२, सहा स्टॉपचा लावला तर जवळजवळ पाऊण सेकंद. पहाटे किंवा संध्याकाळी एनडीची गरज नाही, अंधारच तुमचा फिल्टर.

दोन सेकंदांपुढे: पाण्याचं धुकं होतं. मला स्वतःला हे फार आवडत नाही. पाण्याचा पोतच निघून जातो आणि कारंज्यावर कुणी कापूस पसरल्यासारखं दिसतं. पण आजूबाजूला वाहनं असतील तर त्यांच्या दिव्यांच्या रेघा मिळतात, तेवढ्यापुरतं ठीक.

आणि मधला १/३० ते १/१२५ चा पट्टा? तिथे माझे त्रेसष्ट फोटो पुरले आहेत.

आयफोन असेल तर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा आणि नंतर त्या फोटोला लाँग एक्स्पोजरचा पर्याय निवडा. फोन दोनतीन सेकंदांचं चित्रण एकत्र करून रेशमी पाणी बनवतो. अट एकच, तेवढा वेळ हात हलता कामा नये, म्हणून कोपर कठड्यावर टेकवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत प्रो मोड असतो, त्यात शटर स्वतः लावता येतं. काढण्याआधी फोनची काच शर्टाला पुसायची सवय लावून घ्या, सकाळपासून तिच्यावर पिझ्झाचं तेल बसलेलं असतं.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याचा, एक सापळा आहे. कॅमेऱ्याला प्रत्येक दृश्य करडं वाटत असतं. पांढऱ्या दगडाने फ्रेम भरली की तो बिचकतो आणि फोटो मळकट काढतो, तेव्हा +०.३ ते +०.७ द्या. रात्री उलट, भोवती काळोख आणि मध्ये उजळलेलं कारंजं असलं की तो भलताच उजेड ओततो आणि दगडावरचं कोरीवकाम धुऊन जातं. तेव्हा −१ पर्यंत खाली या.

पहिला दिवस, पहाट: ट्रेवी

ग्रुप टूरने आलात तर ट्रेवीला तुम्हाला पाऊण तास मिळेल, तोही सकाळी अकराला, आणि त्यातली वीस मिनिटं जिलातोच्या (इटालियन आइस्क्रीमच्या) रांगेत जातील. फोटो हवा असेल तर पहाटे स्वतः चालत जा. ऑक्टोबरात रोमचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास, जूनमध्ये साडेपाचलाच. त्याच्या अर्धा तास आधी चौकात पोचलात तर आकाश गडद निळं, दिवे अजून लागलेले आणि माणसं मोजकी. अगदी हौदाच्या काठाशी उतरण्यावर आता बंधन आहे. २०२४ च्या साफसफाईनंतर एका वेळी साधारण ४०० जणांनाच खाली सोडायचं ठरलं. तेव्हा वरून, चौकातूनच काढायची तयारी ठेवा. खरं तर मोठा फोटो वरूनच चांगला येतो.

कारंजं २६ मीटर उंच आणि जवळजवळ ४९ मीटर रुंद, पण चौक एवढासा. नवखा माणूस जवळ जाऊन कॅमेरा वर उचलतो आणि सगळे खांब मागे कलंडतात, राजवाडा आता पडतो की मग असा. उपाय: मागे या. समोरच्या कोपऱ्यावर सान्ती व्हिन्चेन्झो ए अनास्तासिओ नावाचं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांवर उभे राहा. दोनचार पायऱ्यांची उंची मिळते, कॅमेरा सरळ धरता येतो, खांबही सरळ राहतात. (या चर्चमध्ये कित्येक पोपांची काळजं आणि आतडी जपून ठेवली आहेत. सकाळी उपाशीपोटी हे आठवू नये.)

पिशवीवर कॅमेरा, एफ/८, आयएसओ १००, आणि शटर आपोआपच हळू येईल. ट्रेवीचं पाणी उडत नाही, खडकांवरून पसरत खाली येतं, म्हणून त्याला हळू शटर शोभतं.

मग लांबची लेन्स लावा आणि तपशिलात शिरा. वास्तुकार निकोला साल्वीने हे काम १७३२ मध्ये हाती घेतलं, तो १७५१ मध्ये वारला आणि कारंजं पुरं झालं १७६२ मध्ये. मध्ये समुद्रदेव ओशनस शिंपल्याच्या रथावर उभा. रथाला दोन घोडे: डावीकडचा उधळलेला, उजवीकडचा शांत. समुद्राचे दोन स्वभाव. हा फरक एकाच शटरवर दाखवू नका. उधळलेल्या घोड्याला दिवस उजाडल्यावर १/१००० ने गोठवा, नाकाशी उडालेले थेंब येतील; शांत घोड्याचं पाणी रेशमी ठेवा. दोन फोटो शेजारी लावले की सांगायला शब्द लागत नाहीत.

वरच्या मजल्यावर दोन कोरीव पट्ट आहेत, खालून कुणी बघत नाही. उजवीकडच्यात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे. या जलमार्गाचं 'व्हिर्गो' (म्हणजे कुमारिका) हे नाव त्या कथेतून आलं असं सांगतात. डावीकडे अग्रिप्पा जलमार्गाला मंजुरी देतोय. २०० मिलिमीटरच्या लेन्सला दोन्ही मिळतात. उजव्या कडेला, रस्त्यालगत, दगडाचा एक थोराड कलश आहे. जवळच्या न्हाव्याने साल्वीच्या कामाला सतत नावं ठेवली म्हणून त्याच्या दुकानातून दिसणारं दृश्यच साल्वीने हा कलश ठेवून बंद केलं, अशी दंतकथा. खरी नसेल, पण त्या कलशाआडून कारंज्याचा अर्धा भाग झाकून काढलेला फोटो माझ्या सगळ्या ट्रेवींतला आवडता आहे.

सकाळी: नाव्होनात आपली गंगा

ट्रेवीहून पियात्सा (म्हणजे चौक) नाव्होना चालत वीसेक मिनिटं. हा चौक लांबट, उत्तर-दक्षिण पसरलेला, कारण खाली रोमन सम्राट डोमिशियनचं धावण्याचं मैदान होतं. पूर्वेकडच्या घरांवरून ऊन आत यायला वेळ लागतो, म्हणून घाई नको. वाटेत कॉफी प्या. ऊन चौकात उतरलं की पश्चिमेकडचं सान्त अन्येसे चर्च आधी उजळतं.

मधलं मोठं कारंजं बर्नीनी या शिल्पकाराचं, चार नद्यांचं, १६४८ ते १६५१. चार खंडांच्या चार नद्या: डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि गंगा. आता गंगा शोधा. मीही मकरावर बसलेली बाई शोधत दोन फेऱ्या मारल्या. मग कळलं, रोमची गंगा हा दाढीवाला, पिळदार अंगाचा पुरुष आहे. इटालियनमध्ये तिचं नाव 'गांजे' आणि लिंग पुल्लिंग. हातात भलंमोठं वल्हं आहे, नदीतून नौका चालतात ते सांगणारं. मूर्ती क्लोद पुसँ या फ्रेंच शिल्पकाराच्या हातची. हा बाप्या बघून सोबतच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, गंगामाईला दाढी?" तेवढ्यावर आमचा सगळा गट त्या कोपऱ्यात जमला आणि शेजारच्या जर्मन माणसाला वाटलं, इथे काहीतरी विशेष आहे; तोही फोटो काढू लागला.

गंगेचा फोटो कसा काढायचा? वल्ह्यावर. ते तिरकं आहे आणि फ्रेमला आपोआप कर्ण देतं. कठड्याबाहेरून, १०० मिलिमीटरच्या आसपास, वल्ह्याची रेघ एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाईल अशी जुळवा आणि मागे खडकाची सावली येऊ द्या. इथलं पाणी खडकातून फुटून हौदात पडतं, मूर्तीच्या अंगावर फारसं येत नाही. तेव्हा खालच्या कडेला थोडं पाणी ठेवलंत तरी पुरे. ऊन बाजूने असलं की पाठीच्या स्नायूंवर सावल्या पडतात. डोक्यावर आलं की डोळ्यांत काळे खड्डे. साडेनऊ-दहापर्यंत काम उरका.

नाईलचा चेहरा कापडाने झाकलेला दिसेल. तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता, म्हणून. आणि प्लाताचा वर उचललेला हात चर्च अंगावर पडेल या भीतीने आहे, असं गाइड रंगवून सांगतील, कारण चर्चवर काम केलं ते बर्नीनीच्या स्पर्धकाने, बोर्रोमीनीने. मजेदार आहे, पण कारंजं १६५१ मध्ये उभं राहिलं आणि चर्चचं काम १६५२ मध्ये सुरू झालं. तरी तो फोटो घ्या: खाली बसून हात आणि मागे चर्चचा घुमट एका फ्रेममध्ये. खोट्या गोष्टीचा फोटो चांगला येतो.

मधल्या ओबेलिस्कचा, म्हणजे उंच टोकदार दगडी खांबाचा, मोह आवरा. तो सगळा घ्यायला गेलात तर नद्या मुंग्यांएवढ्या होतात. एक फोटो उभा, लांबून, ओबेलिस्कसकट काढून घ्या, घरच्यांना दाखवायला. मग तो विसरा.

दुपारी: कासवं

उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन रोमचं ऊन आपल्या एप्रिलसारखं सरळ डोक्यावर. उघड्या चौकात फोटो काढणं म्हणजे दगडावर चुना फासणं. या वेळेला गल्लीबोळातलं काहीतरी हवं आणि ते म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतल्या पियात्सा मात्तेईचं कासवांचं कारंजं. चौक एखाद्या वाड्याच्या चौकाएवढा, चहूबाजूंनी उंच भिंती, त्यामुळे सावली मऊ. गटाच्या सहली इथे सहसा येत नाहीत.

चार काशाचे तरुण, एकेक पाय डॉल्फिनवर, एक हात वर. वरच्या थाळीच्या काठावर चार कासवं, प्रत्येक तरुण एकेकाला बोटाने पाण्यात ढकलतोय. आराखडा जाकोमो देल्ला पोर्ताचा, पुतळे ताद्देओ लान्दिनीचे, काम १५८० च्या दशकातलं. पण कासवं तेव्हा नव्हती. वर आणखी चार डॉल्फिन होते. पाण्याला जोर पुरेना म्हणून ते काढले. तरुणांचे हात हवेत रिकामे राहिले. १६५८ च्या सुमारास, बहुधा बर्नीनीने, त्या हातांना कासवं दिली. जोर कमी पडला म्हणून कारंज्याची शोभा वाढली, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९७९ मध्ये एक कासव चोरीला गेलं. आता दिसतात त्या प्रतिकृती.

इथे पाऊण तास बसा. एक कासव निवडा, बोट आणि कासव यांच्यामधली जेमतेम फट फोकसमध्ये धरा, एफ/४, मागची भिंत विरघळू द्या. थाळीच्या कडेवरून पाणी बारीक धारेने ठिबकतं, ते १/८ वर दोऱ्यासारखं येतं आणि १/१००० वर मण्यांच्या माळेसारखं. दोन्ही काढा. कॅमेरा हातात धरला असेल तर १/८ ला श्वास सोडून, कोपर बरगडीला चिकटवून, एकदम चार फोटो घ्या. चारांत एक स्थिर निघतो.

संध्याकाळी: होडी आणि त्रितोने

स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशी बार्काच्चा, म्हणजे मोडकी होडी. बर्नीनीच्या वडिलांचं, पिएत्रोचं काम, १६२७ ते १६२९. पाणी ट्रेवीच्याच जलमार्गाचं, जोर त्याहूनही कमी. म्हणून त्याने पाणी उडवायचा नाद सोडला आणि जमिनीच्या पातळीच्याही खाली अर्धी बुडालेली होडी केली. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी पाझरतं. इथे समोरून काढलेला फोटो सपाट येतो. पायऱ्यांवर पंधरावीस चढा आणि वरून काढा, मग होडीचा आकार कळतो. चढा, पण टेकू नका. २०१९ पासून या पायऱ्यांवर बसायला मनाई आहे, शिट्टी वाजते आणि दंडही होतो. कारंज्याच्या काठावर बसून खाणं, पाण्यात पाय सोडणं यालाही शहरभर दंड आहे, आणि तो शेकडो युरोंत.

वरून बघताना पोलरायझर कामाला येतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांच्या तिरक्या नजरेने बघत असाल तेव्हा तो फिरवा. एका ठिकाणी चकाकी पडदा ओढल्यासारखी जाते आणि हौदाचा तळ दिसतो. थेट वरून बघितलंत तर कितीही फिरवा, काही होत नाही.

तिथून दहा मिनिटांवर पियात्सा बार्बेरिनी. इथे बर्नीनीचा त्रितोने, म्हणजे समुद्रदेवाचा मुलगा, १६४२-४३ चा, चार डॉल्फिननी शेपट्यांवर तोललेल्या शिंपल्यावर गुडघे टेकून शंख फुंकणारा. शंखातून पाणी वर उडतं. शेवटी एकदा वर उडणारं पाणी! जागा मात्र वाईट: भोवती बस, स्कूटर, टॅक्सी. दोन पर्याय. सूर्य कलला असताना त्याच्या विरुद्ध बाजूला जा, गुडघ्यावर बसा, मागे फक्त आकाश आणि एखादी सावलीतली भिंत येईल अशी फ्रेम धरा आणि १/२००० ने धार गोठवा. मागून येणाऱ्या उन्हात प्रत्येक थेंब पेटतो. नाहीतर अंधार पडू द्या, राजम्याची पिशवी काढा आणि तीन सेकंदांत दिव्यांच्या रेघा घ्या. बॅग पोटाशी ठेवा. फोटो काढणाऱ्याची पाठ पाकीटमाराला फार सोयीची असते.

अंग थकलं नसेल तर पियात्सा देल्ला रेपुब्लिकाच्या कारंज्यातल्या जलपऱ्याही रात्री छान उजळतात. १९०१ मध्ये त्यांच्या उघड्या अंगावरून शहरात गदारोळ झाला होता. मी थकलेला होतो. एक फोटो काढून झोपायला गेलो.

दुसरी सकाळ: कोसळणारं पाणी आणि इंद्रधनुष्य

जानिकोलो टेकडीवरचा फोंतानोने, म्हणजे मोठ्ठं कारंजं, पोप पाचव्या पॉलने १६१२ मध्ये उभारलं. बांधायला संगमरवर आणला तो मिनर्व्हा देवीचं प्राचीन देऊळ मोडून. रोममध्ये एक पाडून दुसरं बांधायची रीत जुनीच. पाच कमानी, आणि त्यांतून पाणी बदाबदा खाली. त्याचं तोंड पूर्वेला, शहराकडे. म्हणजे उगवतं ऊन सरळ कमानींत शिरतं. सूर्योदयानंतरचा अर्धा तास दगड केशरी होतो. तेव्हा आधी १/२ सेकंदाचा एक, मग १/१००० चा एक, दोन्ही घ्या. इथे पाणी इतकं आहे की जलद शटरवरही ते भरगच्च दिसतं. आवाजामुळे सोबत्याशी ओरडून बोलावं लागतं. मग पाठ फिरवा, समोर सगळं रोम पसरलेलं असतं.

टेकडीवरून उत्तरेकडे चालत अर्ध्या-पाऊण तासात सेंट पीटर्सच्या चौकात उतरता येतं. बुधवार टाळा, सकाळी पोपच्या जाहीर भेटीसाठी चौक खुर्च्यांनी भरतो. इथे दोन जुळी कारंजी, उजवीकडचं मादेर्नोचं, डावीकडचं बर्नीनीचं, आणि दोन्हींचे तुषार भरपूर. चर्चचं तोंड पूर्वेला असल्याने सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि तुषार समोर. इंद्रधनुष्याला आणखी काय लागतं?

लागतं थोडं भूमितीचं. इंद्रधनुष्य तुमच्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर दिसतं. हात पुढे ताणून वीत पसरली की साधारण २० अंश होतात. म्हणजे डोक्याच्या सावलीपासून दोन वीत अंतरावर, वर किंवा बाजूला, तुषार यायला हवेत. नाही आले तर तुम्ही सरका. कारंजं सरकणार नाही. सूर्य ४२ अंशांच्या वर चढला की खेळ संपला. जूनमध्ये साडेनऊच्या पुढे नाद सोडा. डिसेंबरात मात्र भर दुपारीही रोमचा सूर्य २५ अंशांच्या आसपासच असतो, दिवसभर मिळू शकतं. इथे पोलरायझर काढून ठेवा, चुकीचा फिरला तर इंद्रधनुष्यच पुसून टाकतो. वारा सुटला की तुषार पडद्यासारखे हलतात आणि रंग दिसतात-लपतात, म्हणून एकामागून एक फोटो घेत राहा.

आणि तहान लागली की

एव्हाना बाटली रिकामी झालेली असेल. पाणी विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यांवर साधारण २५०० नासोने आहेत: बिडाचे, कमरेएवढे नळखांब, १८७४ पासूनचे, अहोरात्र वाहणारे. नासोने म्हणजे मोठं नाक. तोटी तशी दिसते. पाणी प्यायचं, थंडगार. बघणारे त्यांना कारंज्यात धरत नाहीत.

तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की पाणी त्या भोकातून कमानीसारखं वर येतं आणि थेट तोंडात पिता येतं. सोबत्याला बोट लावायला सांगा. तुम्ही बाजूला जा, उन्हाच्या उलट दिशेला, मागे एखादं काळं दार शोधा, १/१००० लावा, खाली बसा. आता त्याला म्हणा, "दाब."